दांडीला बांधलेली चिंधी

१४ जानेवारी

चि. धाकट्यास, अनेक आशीर्वाद.

मंगळवार, नऊ जानेवारी, सकाळी अकरा वाजून दहा मिनिटांनी तुझ्या थोरल्या लेकीचा उजवा हात चादरी दाबायच्या मशीनमध्ये गेला. वेळ मुद्दाम लिहिते, कारण तुझ्या कार्डात ती नव्हती. कार्डात होतं, 'हाताला थोडं लागलं आहे, काळजी नसावी.' ज्या हॉस्पिटलात तिची तीन बोटं काढली तिथली सिस्टर माझ्या हाताखाली शिकलेली आहे, हे तू विसरलास. माझी सगळी नोकरी ऑपरेशन थिएटरात गेली. 'थोडं' म्हणजे किती, ते मला कळतं.

थोरलीनं त्या सिस्टरला सांगितलं ते असं. गरम रोलरच्या तोंडाशी एक आडवी दांडी असते. हात तिला लागला की मशीन जागच्या जागी थांबतं. तुमच्या लाँड्रीत ती दांडी जुन्या चादरीच्या चिंधीनं वर बांधून ठेवतात. नव्या मुलीनं पहिल्याच दिवशी तिथे उभं राहायचं. जिनं चिंधी सोडली ती 'पाहुणी'. तिच्याशी कुणी बोलत नाही, डबा खायला कुणी शेजारी बसवून घेत नाही. हे खरं का? आणि मुकादम म्हणून तू हे रोज बघत होतास का? लहानपणी पंख्याचं बटण दाबायचं झालं तरी तू चपला घालून यायचास आणि आम्ही सगळे हसायचो. तोच ना तू?

चिंधी कुणी बांधली आणि कशासाठी, एवढं कळव. थोरलीला दूध-अंडी दे. वहिनीला रडू नकोस म्हणू नकोस. रडू दे तिला.

तुझी ताई

२० जानेवारी

ती. ताईस, सा. न. वि. वि.

तुझं पत्र दोनदा वाचलं. तिसऱ्यांदा बायकोनं मोठ्यानं वाचून दाखवलं. कार्डात कमी लिहिलं ते खरं. तू मिळेल ती गाडी पकडून लाँड्रीच्या दारात उभी राहशील, याची धास्ती वाटली.

चिंधी माझ्या आधीच्या मुकादमानं बांधली. तेव्हाचं मशीन जुनाट होतं. ओली चादर जराशी फुगली की दांडीला लागायची आणि मशीन बंद पडायचं. निम्मा माल तसाच राहायचा. पुढे तो मुकादम वारला, मशीनही भंगारात गेलं. नवं आलं तेव्हा खोक्यातून काढलं, पुसलं, आणि वीज जोडायच्या आधीच बायकांनी दांडीला चिंधी बांधली. ही नवी दांडी तशी त्रास देते का, ते कुणी पाहिलंच नाही. मीही नाही. तू विचारेपर्यंत माझ्या मनातही आलं नव्हतं.

अपघातानंतर मालकांनी मिस्त्री आणला. त्यानं चिंधी कापली. मशीन संध्याकाळपर्यंत एकदाही उगीच थांबलं नाही. दुसऱ्या दिवशी चिंधी परत जागेवर! कुणी बांधली विचारलं, तर सगळ्याजणी घड्या घालण्यात गर्क. मी सोडली. डब्याच्या सुट्टीनंतर पुन्हा होती. ताई, मी एकटा आणि त्या एवढ्याजणी. रुसल्या तर माल निघत नाही. तुमच्याकडेही टाके घालण्याआधी कापसाचे बोळे मोजायचे म्हणजे मोजायचे, कुणी का विचारत नव्हतं. सगळीकडे असंच असतं गं.

थोरली जेवते, डाव्या हातानं. माझ्यावरची माया पातळ होऊ देऊ नकोस.

तुझा धाकटा

२ मार्च

ती. आत्यास, सा. न.

अक्षराला हसू नकोस, डाव्या हाताचं आहे. तू राहायला बोलावलंस, पण मी कामावर परत गेले. आता घड्यांच्या टेबलावर असते. घडी तळहातानंही बसते. सगळ्याजणी फार मायेनं वागतात. माझ्यासाठी गादीचं स्टूल आणलं. एकजण म्हणाली, बरं झालं बाई, आता अंगठ्यांचा खर्च वाचला. सगळ्या हसल्या. मीही हसले.

बाबांनी चिंधी पुन्हा काढून टाकली होती. परवा बायकांनी ती माझ्या हातात आणून दिली. सगळ्यांत जुनी बाई म्हणाली, हिनं भोगलंय, आता मान हिचा. मी बांधली. एक टोक दातांत धरून बांधली. बाबांनी पाहिलं आणि ते बाहेर निघून गेले.

तू भडकशील. पण आत्या, चिंधी वाईट ठरली तर या सगळ्यांनी मिळून माझा हात आत घातला, असं होतं. मग मी डबा कुणाजवळ बसून खाऊ? आणि माझी बोटंही उगीचच गेली, असं होतं. त्यापेक्षा माझंच लक्ष नव्हतं म्हणावं. ते सोसतं.

सोमवारी, अठरा तारखेला, आपली धाकटी माझ्या जागी मशीनवर लागते आहे. मीच तिला शिकवणार. जरा घाबरट आहे, पण होईल सवय.

तुझी थोरली

७ मार्च

चि. धाकट्यास,

आशीर्वाद मागाहून.

थोरलीचं पत्र पोचलं. तिच्यावर माझा राग नाही. तिला त्याच बायकांत बसून भाकरी खायची आहे. राग तुझ्यावर आहे. तू पाहिलंस आणि बाहेर गेलास.

बोळ्यांचं म्हणतोस. कॉन्व्हेंट शाळेत 'का' विचारलं की नन बाकावर उभं करायच्या, तरी माझी खोड गेली नाही. थिएटरात पहिल्याच दिवशी मी विचारलं, का मोजायचे? डॉक्टर म्हणाले, एखादा पोटात राहिला तर माणूस आतून सडतो. एका वाक्यात उत्तर मिळालं, आणि ते आजही खरं आहे. तुझ्या चिंधीचं उत्तर जुन्या मशीनबरोबर भंगारात गेलं, हे तूच मला लिहिलंस.

तू मुकादम आहेस. दांडी बांधलेली दिसली तर वीज तोडायचा अधिकार तुझा आहे. माल निघणार नाही? न निघो. बायका रुसतील? खुशाल रुसू देत, तूही एकदा 'पाहुणा' होऊन बघ. मालकांना मी वेगळं पत्र लिहिलं आहे आणि कारखाने तपासणाऱ्या साहेबांचा पत्ताही काढला आहे. मालकांचं पत्र अजून टपालात टाकलेलं नाही, कारण तू माझा भाऊ आहेस.

मला तुझ्या हातचं लेखी हवं, ते असं: 'दांडी सुटी केली. बांधलेली दिसली तर मशीन बंद ठेवीन. आणि धाकटीला दांडीवर हात ठेवायला लावून, मशीन कसं थांबतं ते मी स्वतः दाखवलं.' एवढंच लिही. 'बघतो', 'करतो' चालणार नाही. फोन करू नकोस. फोनवर तू रडतोस आणि मी विरघळते.

तुझ्या दोन मुलींना मिळून आता सतरा बोटं आहेत. माझा लोभ हवा असेल, तर धाकटी मशीनवर लागायच्या आधी, शनिवार, सोळा मार्च, संध्याकाळी पाचच्या आत उत्तर माझ्या हातात पडलं पाहिजे.

ताई