दोन घोड्यांमधलं गवत

प्रिय टिचभर,

एक प्रश्न डोक्यात घर करून बसलाय आणि धड जेवू देत नाही. उजव्या हाताने चाबूक मारताना माणसाचा डावा हात काय करत असतो? हसू नकोस. घरात हे विचारायची सोय नाही. वडिलांना विचारलं असतं तर ते म्हणाले असते, डावा हात कपाळाला लावायचा, मी तेच करतोय. मी कॉलेज मधेच सोडल्यापासून पाहुण्यांपुढे ते माझी ओळखही अशीच करून देतात: "हे आमचे चिरंजीव. घोड्यांचे सिनेमे दाखवतात." त्यांना वाटतं, मी तुझ्यासाठी कॉलेज सोडलं. खोटं नाही, पण पूर्ण खरंही नाही. तुझ्यासाठी मी रेसकोर्सवर आलो, आणि इथे टिकलो तो पंचांना रेसच्या फिल्म दाखवायच्या या खोलीमुळे. पळताना नुसती धूळ आणि रंग दिसतात. तीच रेस सावकाश लावली की घोड्याचे कान बोलायला लागतात. मला वर्गात कधी इतकं कुतूहल वाटलं नव्हतं.

तर तो डावा हात. परवा दुपारी तुम्हा जॉकींच्या सरावाच्या शेडमध्ये कुणी नव्हतं, म्हणून मी त्या स्प्रिंगवाल्या लाकडी घोड्यावर चढलो. माझं वजन तुला माहीत आहे. घोडा असा कण्हला की तबेल्यातले मोतद्दार धावत आले. त्यातला थोरला म्हणाला, "अरे, लाकूड झालं म्हणून काय, त्यालाही जीव आहे, उतर खाली!" उतरलो नाही. चाबूक मागून घेतला आणि त्यालाच म्हटलं, मी उजव्या हाताने मारतो, तू माझ्या डाव्या हाताकडे बघ. मारला. तो म्हणाला, पुन्हा. पुन्हा मारला. मग हसायचा थांबला आणि म्हणाला, "तू लगाम डावीकडे ओढतोयस." मी म्हटलं, छे! माझा हात मला कळत नाही का? तिसऱ्यांदा त्याने माझी मूठच धरून ठेवली, तेव्हा पटलं. उजवा हात मागे जातो तेव्हा डावी मूठ आपोआप आवळते आणि पोटाशी येते. घोड्याला उजवीकडून मार आणि डावीकडून ओढ, मग बिचारा जाणार कुठे? डावीकडेच. आणि वर बसलेल्याला वाटतं, आपण नाकासमोर चाललोय. मला तर देवाशपथ तसंच वाटत होतं.

आता तू म्हणशील, हा लाकडी घोड्यावर कशाला चढला? पोपटच्या रेसमुळे. त्या दिवशी शेवटच्या सरळ पट्टीत डावीकडे कठड्याला लागून पोपट, मधे तू आणि बाहेरून काका, तुम्हा जॉकींमधले सगळ्यात जुने. पोपट पडला, खांद्याजवळचं हाड मोडलं. काकांचा घोडा बाहेरून आत आला, त्याने तुझ्या घोड्याला ढकललं, तुझ्या घोड्याने पोपटच्या, असं चौकशीत ठरलं. निष्काळजीपणे घोडा हाकल्याचा ठपका काकांवर आला. या मोसमातली त्यांची तिसरी वेळ, म्हणून मोसम संपेपर्यंत बंदी. पुढच्या मोसमात या वयाच्या माणसाचं लायसन नवं करून देत नाहीत, हे काट्याच्या खोलीत वजनाला उभ्या राहणाऱ्या प्रत्येक जॉकीला ठाऊक आहे. ज्या माणसाने तुला रिकिबीत पाय कसा ठेवायचा ते शिकवलं, त्याचं घोड्यावर बसणं त्या खोलीत संपलं, आणि मी मागे फिल्मचं बटण धरून उभा होतो.

चौकशीच्या वेळी मी तुझ्याकडेच बघत होतो, ते वेगळं सांगायला नको. तुमच्यात रीत आहे की पंचांपुढे कुणी कुणाचं नाव घेत नाही. हाड मोडलेला जॉकीसुद्धा म्हणतो, घोडा दमला होता साहेब, कुणाची चूक नाही. तुला विचारल्यावर तू टाचा जमिनीला टेकवून सरळ उभी राहिलीस आणि म्हणालीस, "काका बाहेरून आत आले, मला धक्का बसला." खोली गार पडली. मला मात्र इतका अभिमान वाटला की टाळ्या वाजवायच्या बाकी होत्या. वाटलं, ही खरी माझी टिचभर, रीतबीत गेली खड्ड्यात! मुख्य पंचांनी काकांकडे पाहिलं. काका टोपी काखेत धरून एवढंच म्हणाले, "हो साहेब, चूक माझीच." पंचांनी मला फर्मावलं, पडण्याच्या जरा आधीपासून लाव. मी लावली. समोरच्या कॅमेऱ्यात तिन्ही घोडे एकमेकांना चिकटलेले दिसले. ज्याची चूक त्याने कबूल केलेली, मग मागे जाऊन कोण बघतंय?

माझं डोकं तुला माहीत आहे. भडक्या हे नाव तूच ठेवलंस. तू धक्का खाल्लास, तूही पडली असतीस, हे मनात आलं आणि माथं फिरलं. दुसऱ्या दिवशी चहाच्या टपरीवर काकांना गाठलं आणि नाही नाही ते बोललो. वयाचा मान ठेवला नाही. म्हटलं, म्हातारपणी घोडा आवरत नसेल तर घरी बसा, पोरीबाळींचे जीव कशाला घेता? लोक थांबून बघायला लागले. काकांनी बशीतला चहा शांतपणे संपवला, माझ्या शर्टाचं वरचं उघडं बटण लावून दिलं आणि म्हणाले, "पोरीला सांग, घोडा छान पळवलास. तिची बाजू घेणारा कुणीतरी आहे, हे बरं झालं." आणि गेले.

शिव्या दिल्या असत्या तर समजलो असतो. ज्याचं सगळं गेलं, त्याच्या बोलण्यात राग कसा नाही? माझ्यासारख्याला तर चहात साखर कमी पडली तरी राग येतो. हे कोडं मला सुटेना, आणि न सुटलेलं कोडं पोटात ठेवून झोपणारा मी नव्हे.

म्हणून हॉस्पिटलात पोपटकडे गेलो. एरवी पाच माणसांचं एकटा बोलणारा पोपट त्या दिवशी मिठाची गुळणी धरून पडला होता. मी खोदून खोदून विचारलं. शेवटी वैतागून म्हणाला, "तू काय पंच आहेस का रे? आम्ही नावं घेत नाही." मी म्हटलं, नाव नको घेऊस, नुसतं काय ऐकलंस ते सांग. त्याने एकदा दाराकडे बघून घेतलं. मग म्हणाला, "घोडा अडखळायच्या आधी काकांचा आवाज आला. ओरडले, पोरी, चाबूक टाक! सरळ कर!" एवढं बोलला आणि भिंतीकडे तोंड फिरवलं.

टिचभर, तो आवाज तुला ऐकू आला होता का? मी खरंच विचारतोय, उलटतपासणी करत नाही. इतक्या टापांत, वाऱ्यात, मान आयाळीत खुपसलेली असताना काय ऐकू येतं, हे मला कळणार नाही. मी फार तर लाकडी घोड्यावर बसलेला माणूस.

त्यानंतर मी फिल्म लावली. दुपारची वेळ, रेस नव्हती, खोलीत मी आणि पंखा. पंचांनी सांगितलं होतं तिथून नाही, त्याच्या बऱ्याच आधीपासून. चाबूक तुझ्या उजव्या हातात आहे. तू मारतेस, घोडा कान मागे टाकतो आणि थोडा डावीकडे सरकतो. तू पुन्हा मारतेस, तो पुन्हा सरकतो. काकांच्या हातात चाबूकच नाही, दोन्ही मुठी लगामावर आणि तोंड तुझ्याकडे, उघडं. मग पोपटच्या घोड्याची मान वर उडते. तिथे मी फिल्म थांबवली. त्या चित्रात तुझ्या घोड्यात आणि पोपटच्या घोड्यात बोट शिरेल एवढीही जागा नाही. पण तुझ्या आणि काकांच्या घोड्यांमध्ये गवत दिसतं. चांगला हातभर हिरवा पट्टा, ऊन पडलेला. काकांचा घोडा तुला लागला तो त्यानंतर. शेजारचा आत गेला म्हणून तोही आत ओढला गेला, जोडीने पळणारे घोडे जातात तसा. तू सांगितलास तो धक्का खराच बसला. फक्त तो बसला तेव्हा पोपट आधीच पडायला लागला होता.

मी ते चित्र किती वेळ बघत बसलो, देव जाणे. आधी वाटलं, माझी नजर चुकतेय. मग वाटलं, कॅमेरा तिरका आहे. प्रेमात पडलेला माणूस कॅमेऱ्यालाही खोटं ठरवतो. म्हणून तर लाकडी घोडा. मला बघायचं होतं की न कळता असं होऊ शकतं का. होतं. माझ्या हाताने झालं आणि मला पत्ता नव्हता. त्यामुळे तू पंचांपुढे खोटं बोललीस असं मी म्हणत नाही. पण परवा जॉकींच्या खोलीत काकांच्या कपड्यांच्या मोकळ्या खुंटीसमोर तू उभी होतीस, आणि मी हाक मारल्यावर मागे न बघता निघून गेलीस, त्याचा अर्थ मला अजून लागलेला नाही. तो तूच लावू शकशील.

आता ज्यासाठी बसलो ते लिहितो. अपिलाची मुदत उद्या संपते, आणि काकांनी अर्ज केलेला नाही, करणारही नाहीत; तुझ्यावर येणारं त्यांनी समजून-उमजून अंगावर घेतलंय. त्या रेसमधला कुणीही जॉकी पंचांकडे जाऊन चौकशी पुन्हा उघडा म्हणू शकतो. मी जॉकी नाही, मी फक्त फिल्म दाखवू शकतो, आणि उद्या दाखवणार आहे. पण माझ्याआधी तू जावंस, असं मला वाटतं. तुझी पहिलीच वेळ, बंदी येईल, मालक काही दिवस घोडे देणार नाहीत, हे सगळं मला कळतं. तरी ते तू स्वतः सांगितलेलं वेगळं, आणि माझ्या फिल्ममधून बाहेर पडलेलं वेगळं. मुख्य पंच नऊला येतात. मी ऑफिसच्या पायरीवर बसलेला असेन. तू आलीस तर बाजूला सरकेन. नाही आलीस तर उठून आत जाईन, मग तू जन्मभर माझं तोंड बघितलं नाहीस तरी. हे तोंडावर सांगायला आलो असतो, पण तू एकदा "असं नको ना करू" म्हणालीस की मी जागच्या जागी विरघळतो, आणि काकांचं लायसन माझ्या विरघळण्यात वाहून जायला नको. म्हणून हा कागद तुझ्या मावशींच्या हातात देतो आणि त्या चहाला थांब म्हणायच्या आत पळतो.

तुझाच, उद्या नऊनंतरही,
भडक्या