नाडीच्या मापाचा पट्टा

तांडा, ता. सेनगाव
२७ जुलै २०२५

ती. अक्कास,
सा. न. वि. वि.

पुक्… पुक्… पुक्… तुला हट्ट्याला पहिल्यांदा पोचवायला आलो, तेव्हा तुझ्या सासरच्या पिठाच्या गिरणीचं इंजिन असं बोलत होतं, धुराड्यावर उलटा डबा घालून. मी दुसरीत होतो. वडलांचं बोट धरून परत निघालो अन् रडू येऊ नये म्हणून शाळेतली कविता त्या ठेक्यावर म्हणत राहिलो. पुढं मास्तर झालो, तर पोरांनाही तोच ठेका दिला. परीक्षेला सेनगावला नेताना माझ्या जीपमध्ये दाटीवाटीनं बसून लेकरं कविता म्हणायची अन् जीप खडखडून साथ द्यायची.

ती जीप आता अंगणात मुकी उभी आहे. गेल्या वर्षी दिपक मिस्त्रीनं तिच्यात पिकअपचं इंजिन घातलं, डायनामो आणखी तिसऱ्याच गाडीचा. छान चालत होती. परवा इंजिनाचा पट्टा तुटला अन् रस्त्यात कुठं उडाला, सापडलाच नाही. पट्ट्याविना पाण्याचा पंप फिरत नाही, इंजिन तापतं. दुकानदार आधी विचारतो, गाडी कोणती? जीप म्हणावं तर जीपचा पट्टा बसत नाही, पिकअप म्हणावं तर तिचाही नाही.

आपला प्रेमदास म्हणून राहिला, की तीजेच्या सणाला पोरी अंगणात नाचतील, त्याआधी ही अडगळ भंगारात काढू. मी सांगितलं, औंदा अक्काला तीजेला आणीन ते याच जीपमधून. तर हसला. पोटचं पोरगं आहे, पण ते हसणं मला सोसलं न्हाई.

तू जन्मभर गिरणीचे पट्टे चढवलेस. पुलींवरून ओढून घेतलेलं माप सोबत धाडतो. सुतळी सापडेना, म्हणून पायजम्याची नाडी आहे. धुतलेली आहे. वसमतच्या दुकानात बघ.

माया आहे तशी दाट राहू दे.

तुझा
भावसिंग


हट्टा
३१ जुलै २०२५

चि. भावसिंगास,
अ. उ. आ.

पाकिटातून नाडी निघाली तवा सूनबाई तोंडाला पदर लावून आत पळाली. मास्तर माणूस अन् बहिणीला नाडी धाडतो! पायजमा कशानं बांधून राहिलास आता?

नाडी टेपाला लावली. छत्तीस इंच भरली. पट्टा मी पस्तीसचा मागवला. काहून म्हणशील, तर गिरणीचा पट्टा आमी कायम थोडा आखूडच घ्यायचो. चालून चालून तो सैल पडतो. दुकानदार म्हणे, मावशी, मोटारीचं तसं नसतं. मी म्हटलं, तुझ्या वयापेक्षा माझी गिरणी थोरली आहे, गुमान दे. सोबत पार्सल केला आहे.

माझे गुडघे बसच्या पायऱ्या चढू देत न्हाईत, एवढीच तकलीफ. आमचा लेक प्रमोद म्हणतो, या वयात तीज कशाला पाहिजे, घरी पोथी वाच. त्याला सांगितलं, पोथी डोळे गेल्यावर दुसऱ्याकडून ऐकता येईल, तीज पायानंच नाचावी लागते. किती वर्षं झाली, आपल्या तांड्यातली तीजेची गव्हाची रोपं मी डोक्यावर घेतली न्हाईत. औंदा घेणार. तू जीप चालू कर, बाकीच्यांना मी बघते.

जिवाला जप, अन् आहे तेवढाच हट्टी राहा.

तुझी
अक्का


तांडा
५ ऑगस्ट २०२५

ती. अक्कास,
सा. न. वि. वि.

पट्टा पोचला. बसला न्हाई. दोन पुलींवर चढतो, तिसरी पुढं हात जोडून उभी. मी पान्ह्यानं रेटायला गेलो, तर दिपकनं पान्हाच काढून घेतला. नाडीची गोष्ट सांगितली तसा तो पोट धरून खाली बसला. म्हणे मास्तर, नाडी ताणली की लांबते, पाकिटात पुन्हा आक्रसते. त्यात अक्कानं आणखी एक इंच कापला. म्हणजे निम्मी चूक माझी, निम्मी तुझी. वाटणी बराबर झाली!

आता बांधकामाची तार घेतली, ती ताणत न्हाई. डायनामो आत सरकवला, पट्टा चढल्यावर तो बाहेर ओढून ताण देता येतो, अन् मापलं. एकोणचाळीस. सेनगावात त्या मापाचा मिळेना. तुझ्याकडं मिळाला तर लगेच धाड.

प्रेमदासनं भंगारवाल्याला रविवारी बोलावलं आहे. म्हणाला, बापू, लोक हसून राहिलेत, अर्धी जीप अर्धी पिकअप घेऊन बसलात. मी म्हटलं, तांड्यातले चार जण साहेब झाले ते याच गाडीतून परीक्षेला जाऊन. त्यांना हसायला बोलव, मग बघू. रविवारी मी जीपमध्ये बसणार. न्यायची तर माझ्यासकट न्यावी लागेल.

तुझ्या उत्तराकडं डोळे लागले आहेत.

तुझा
भावसिंग


जीपमधून
१० ऑगस्ट, रविवार

ती. अक्कास,
सा. न. वि. वि.

तुझं उत्तर न्हाई, पट्टाही न्हाई. रागावलीस का निम्म्या चुकीवरून? की प्रमोदनं बाहेर पडू दिलं न्हाई? हे पत्र स्टेअरिंगवर वही टेकून लिहितो आहे. सकाळपासून इथंच आहे. सूनबाईनं चहा इथंच आणून दिला, नवऱ्याकडं न बघता. प्रेमदास ओट्यावर बसून आहे. दोनदा म्हणाला, बापू, उतरा. मी त्याला दुसरीतली कविता पहिल्यापासून शेवटपर्यंत म्हणून दाखवली. तिसऱ्यांदा म्हणाला न्हाई.

दिपक म्हणतो, पट्टा हातात पडला की लगेच चालू करून देतो. आज न मिळाला तर उद्या, उद्या न्हाई तर परवा. मी तोवर उतरत न्हाई. तीज आपल्याविना होणार न्हाई, हे मी…

थांब. टेम्पो आला. भंगारवालाच. फाटकाशी थांबला. प्रेमदास उठला.

अक्का! भंगारवाल्याच्या शेजारून खाली उतरून राहिलीस ती तूच ना? औंढ्यापर्यंत कोणाची जीप धरलीस, पुढं याच्या टेम्पोत कशी चढलीस, अन् प्रमोदला काय सांगून निघालीस? तुझ्या खांद्यावर तीन पट्टे आहेत. प्रेमदासला ओरडून सांगतेस, की अडतीस, एकोणचाळीस अन् चाळीस, तिन्ही आणलेत, तुझ्या बापाच्या मापावर माझा भरवसा न्हाई. अन् तुझी पिशवी धरून तो भंगारवाला मला विचारतो आहे, मास्तर, जीपच्या दाराची कडी काढता का, आत्याबाईंना उभं राहवत न्हाई.