दाजींच्या अंगठ्यातल्या सुया

प्रिय वैजनाथ,

आज सकाळी तुझ्या दाजींना लघवी झाली. हसू नकोस. मी व्हरांड्यात पदर तोंडाला लावून रडले आणि मग खाली जाऊन अख्ख्या वॉर्डाला पुरतील एवढे पेढे आणले. दाजी संतापले. "मुतलो म्हणून पेढे वाटून राहिली व्हय? गावात तोंड दाखवायला जागा ठिवू नको," म्हणाले. पडल्यापासून पहिल्यांदा असे खेकसले. इतकं बरं वाटलं म्हणून सांगू!

हे फोनवर सांगता आलं असतं, पण तुझ्या फोनमध्ये बॉयलरचाच आवाज जास्त, आणि तुझं "व्हय व्हय आक्का, बराबर" म्हणून कट करणं. लहानपणी भज्यांचा कागदसुद्धा वाचल्याशिवाय फेकत नव्हतास, म्हणून कागदावर लिहिते. शेवटपर्यंत वाच. दाजी कोसळले त्या दिवशी वारंगा फाट्यावरचं पंक्चरचं दुकान बंद करून तू हळद शिजवणाऱ्या टोळीत, बॉयलरपाशी त्यांच्या जागेवर उभा राहिलास. ऐन हंगाम, कुरुंद्याच्या शेताशेतांत हळदीचे ढीग शिजायचे पडलेले. तू नसतास तर टोळी फुटली असती. हे उपकार मी बोलून दाखवत नाही, पण रोज आठवते. तुझा पाय कसा आहे?

दाजींच्या दोन्ही किडन्या बंद पडल्या होत्या एवढंच तुला माहीत आहे. कशाने, ते मलाही इथे नांदेडला आल्यावर कळलं. टोळीची रीत तू आता बघतोसच. वाफ चालू असेपर्यंत पाणी प्यायचं नाही, तापल्या अंगी पाणी बाधतं. घसा सुकला तर कपभर चहा. सगळेच असं करतात, म्हणून कुणाला त्यात चूक दिसत नाही. दाजींच्या पायाचा अंगठा दर हंगामात लालभडक सुजायचा, चादर लागली तरी ओरडायचे. आपण म्हणायचो, हळद शिजवायच्या ड्रमचा मार लागला असेल. मग बॉयलरजवळ टांगलेल्या पिशवीतली दुखण्याची गोळी घ्यायची. कुणाची कंबर, कुणाचा गुडघा, ज्याचं दुखेल त्याने पिशवीत हात घालायचा.

इथे त्या अंगठ्यातून सिरिंजने थेंबभर पाणी काढलं. तपासणीच्या खोलीत प्रतिक्षा नावाची पोरगी आहे, आपल्या वसमतकडचीच. तिने मला आत बोलावलं आणि दुर्बिणीसारख्या त्या यंत्राला डोळा लावायला सांगितलं. वैजनाथ, मी आजवर इतकं देखणं काही पाहिलं नाही. काळोख, आणि त्यात झगमगणाऱ्या बारीक बारीक सुया. काही निळ्या, काही आपल्या हळदीसारख्या पिवळ्या. मी विचारलं, हे दाजींच्या पायात कुणी घातलं? ती म्हणाली, "काकू, कुणीच न्हाई. त्यांच्याच शरीरानं बनवलं."

मग डॉक्टरीणबाईंनी समजावलं. आपलं शरीर क्षणभर थांबत नाही. अन्न जाळतं, जुनं मोडतं, नवं बांधतं. चूल पेटली की राख होणारच, तशी याचीही राख होते. त्यातलंच एक युरिक ॲसिड. रक्तात विरघळलेलं असतं तोवर त्रास नाही, पण ते फार साठलं आणि अंगातलं पाणी आटलं की पाकात साखर कणी धरते तशा त्याच्या सुया धरतात. आणि खरी गंमत पुढे आहे. अंगठा पेटतो तो नुसत्या सुईने नाही. रक्तातले शिपाई तिला शत्रू समजून गिळायला धावतात, आणखी शिपायांना बोलावून घेतात, आणि त्या लढाईची आग म्हणजे ती सूज. राख आपलीच, शिपाई आपलेच. मी तर थक्कच झाले. एवढा मोठा कारभार आपल्या आत चाललाय आणि आपण मात्र ड्रमला दोष देतो!

ही राख धुऊन बाहेर टाकायचं काम किडन्यांचं. त्यांना भरपूर रक्त लागतं, आणि रक्ताला पाणी. पाणी आपण दिलं नाही. वर त्या गोळीने सूज उतरवता उतरवता किडनीकडे जाणारी रक्ताची वाटही आवळली. धुणारीच बंद पडली म्हटल्यावर सगळी घाण अंगभर. तुला आठवतं, दाजी तेव्हा मला ओळखत नव्हते, शिलाच्या नावाने हाका मारत होते. त्यांची बहीण ती, तिला जाऊन किती वर्षं झाली, आणि हे तिच्याशी बोलत होते. मी फार भ्याले रे.

दाजींना लावतात ते रक्त धुणारं डायलिसिसचं मशीन कपाटाएवढं आहे. त्याच्या नळ्या, त्याचे आवाज, त्याच्यापाशी एक माणूस कायम उभा. आणि हेच काम पाठीतले मुठीएवढे दोन गोळे आयुष्यभर गुपचूप करतात, तेही त्याहून चांगलं. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, किडन्या जाग्या होतील किंवा होणार नाहीत, वाट बघायची. मी देवाला हात जोडायचे सोडून पलंगाला लटकवलेल्या लघवीच्या रिकाम्या पिशवीला हात जोडत बसले. आज तिच्यात पिवळं पाणी उतरलं. आपल्याआप, कुणी न सांगता. त्यांना अजून पाणी मोजून मिळतं, बरं का. हवं तेवढं पिता येत होतं तेव्हा प्यायले नाहीत, आता घोटासाठी माझ्या तोंडाकडे बघतात.

वैजनाथ, काल राणीचा फोन आला होता. तुझी बायको आहे ती, लपवणार किती? तुझा अंगठा लाल झालाय, चप्पल चढत नाही, आणि तू त्याच पिशवीतली गोळी खाऊन त्याच जागेवर उभा आहेस. माझ्या घरासाठी. म्हणून हे सगळं लिहिलं. पत्र घेऊन जळबा आलाय, त्याच्यासमोर तांब्याभर पाणी पी, गोळ्यांची ती पिशवी काढून टाक आणि त्याच्या गाडीत बसून इकडे ये. तुला घेतल्याशिवाय परतू नको, असं त्याला बजावलंय. हळद ढिगात राहिली तर राहू दे. दाजींना मी परत मिळवलं रे, पण तुझ्यासाठी त्या रिकाम्या पिशवीसमोर हात जोडून बसायचं बळ माझ्यात उरलेलं नाही.

वाट बघणारी, तुझीच
पद्माआक्का