एक लाखातला पहिला माणूस

३ तारीख, सोमवार, सकाळी ७.४०
संडासात रक्त दिसलं. थोडंसंच. बीट खाल्लं असणार. हिला विचारलं, तर म्हणाली महिनाभरात घरात बीट आलेलंच नाही. मग बाहेर खाल्लं असेन.

त्याच दिवशी, दुपार
मोठ्या आतड्याच्या कॅन्सरची दर दोन वर्षांनी तपासणी केली तर किती जीव वाचतील, हे सांगणारं मॉडेल मीच बांधलंय. कॉम्प्युटरमध्ये एक लाख काल्पनिक माणसं. तेव्हा मला घाबरायचं कारणच नाही. पहिल्या माणसाच्या जागी गुपचूप स्वतःला बसवलं. वय चोपन्न, वडिलांना हाच आजार, रक्त दिसलं. हजारदा रन केलं. आकडा बघून स्क्रीन बंद केली.

५, बुधवार
वडिलांच्या रकान्यात 'नाही' टाकलं. एका माणसावरून काय ठरतं? आकडा सुधारला. जेवण मात्र गेलं नाही.

७, शुक्रवार
पुन्हा रक्त. वय पन्नास केलं, वजन दहा किलो उतरवलं. आता मी जवळपास ठणठणीत. तरी सोमवारी डॉक्टरकडे जायचंच. निश्चय.

१०, सोमवार
गेलो नाही. रिपोर्टची घाई. 'लोक तपासणीला का येत नाहीत' हा भाग लिहायचा होता. कारणं भराभर सुचली. ही म्हणाली, चेहरा का उतरलाय? कामाचा ताण, म्हटलं.

१२, बुधवार
आमची ज्युनिअर कोड तपासायला बसली आणि पहिल्याच माणसाशी अडली. वय, वजन, वडील सगळं मी बदललं होतं, रक्ताची नोंद तेवढी राहून गेली. ती म्हणाली, सर, हे मॉडेल काहीच त्रास नसलेल्यांसाठी आहे, हा यात बसतच नाही. याला टक्केवारी कशाला, डॉक्टर हवा. आणि ओळ डिलीट करून मोकळी झाली. घरी येऊन हिला सगळं सांगितलं. तिने लगेच स्वतःच्या ऑफिसला रजा कळवली.

१३, गुरुवार, सकाळी ९.१०
दवाखाना. टोकन सतरा. ही शेजारी. भीती वाटतेय, सरळ भीतीच. फॉर्मवर प्रश्न: घरात कुणाला हा आजार? पेन तिथेच अडलं. ही हळूच म्हणाली, बाबांचं लिहा. लिहिलं, हो.
बाबाही आधी बीटच म्हणाले होते.