करडीची केस

भंडारा, शुक्रवार, ऑगस्ट १९८१

आज स्वतःचीच शिसारी आली. बालरोगाच्या एम.डी.ची परीक्षा तोंडावर आलीय, म्हणून सरावाला आम्हाला इथल्या वॉर्डात पाठवलंय. करडीहून आलेल्या एका मुलीची प्लीहा बेंबीपर्यंत वाढलेली. हाताला लागली आणि मीच आनंदानं ओरडले, "या रे सगळे, हीच केस परीक्षेला येणार!"

मग एकामागून एक सगळ्यांनी तिचं पोट चाचपलं. नवा पांढरा कोट दिसला की ती आपणहून फ्रॉक वर करायची. रडली नाही. काहून रडली नसेल?

तिची आई मात्र खुश. मला म्हणाली, "बाई, एवढे डाक्टर पाहून राहिले, आता माही पोरगी बरी होईनच नं?" मी "हो" म्हटलं. आम्ही फक्त शिकून राहिलो होतो, हे सांगवलं नाही.

संध्याकाळी बिस्किटांचा पुडा घेऊन एकटीच त्या मुलीकडे गेले. दिवसभर आमच्यापैकी कोणीच तिचं नाव विचारलं नव्हतं. निदान ते विचारावं म्हटलं. मी तोंड उघडायच्या आत ती आडवी झाली आणि तिनं फ्रॉक वर केला.