साखरेचा डॉक्टर तोंडात बघतो

थोरलीच्या आईस,

मी ठणठणीत आहे, गोदामातलं काम चालू आहे. उगाच घोर लावून घेऊ नकोस.

साखर तेवढी उतरत नाही. चहा बिनसाखरेचा पितो, शपथ. तर साखरेच्या डॉक्टरने माझा जबडाच उघडला! म्हणे, हिरड्यांत पू आहे, त्यानं साखर वाढते, आणि साखरेनं हिरड्या सडतात. म्हटलं, "आधी कोण कुणाला बिघडवतं ते ठरवा." हसला, नि दाताच्या डॉक्टरकडे पिटाळलं. मला काही कळेनासं झालंय.

दात घासताना तुझ्या हिरड्यांतून रक्त यायचं. मीच म्हणालो होतो, ब्रश कडक असेल. अजून येतं का? तुलाही साखर आहे. माझं तेव्हाचं ऐकू नकोस, उद्याच दाखवून ये.

घाईत लिहिलंय.

थोरलीचा बाप