ताटांची अदलाबदल

दिनांक ९ ऑक्टोबर

चि. ठमीस,

आजीचे पोटभर आशीर्वाद. इकडे सगळं ठीक. माझे गुडघे आपापसांत भांडतात, पण मला चालवतात. मांजरीने पुन्हा पिल्लं घातली, तीही खालच्या शिंपीणबाईच्या नव्याकोऱ्या कापडावर. बाई चिडली आहे, तरी पत्र लिहायला वर आली. मी बोलते, ती लिहिते. अक्षर तिचं, आगाऊपणा माझा.

फोन का नाही केला म्हणशील. फोनवर तू "हो आजी, हो आजी" करत मला गुंडाळून ठेवतेस. पत्र अर्ध्यात कापता येत नाही.

शनिवारी नाक्यावरच्या हॉटेलात तुझ्या चष्मेवाल्याच्या आईवडिलांबरोबर जेवायचं आहे. तू बजावलंस, "आजी, माझ्या गहू-दुधाच्या ॲलर्जीबद्दल त्यांच्यासमोर अवाक्षर काढायचं नाही. लग्न ठरू दे आधी. मी आपला साधा भात चिवडेन." बरं, म्हटलं मी. माझं तोंड म्हणजे शिवून टाकलेला खिसा. (लिहिणारी हसते आहे. हसू दे.)

तर काल मी सहज त्या हॉटेलावरून जात होते. ते आपल्या घराच्या उलट दिशेला आहे हे मलाही ठाऊक आहे, पण माणूस सहज जाऊ शकतं. दुपारची वेळ, टेबलं रिकामी. वाढप्याला विचारलं, "सुपात गव्हाचं पीठ असतं का रे?" म्हणाला, "छे हो आजी, भाज्यांचं सूप आहे." आत डोकावले, तर आचारी त्याच सुपात पीठ कालवून ओततोय, दाट व्हावं म्हणून. वाढप्या खोटं नाही गं बोलला. त्याने आचाऱ्याला कधी विचारलंच नव्हतं. बटाटे म्हणावे तर ब्रेडचा चुरा लावलेले मासे ज्या तेलात, त्याच तेलात बटाटे. आणि साधा भात? त्याला वरून लोणी चोळतात, चकाकी यायला. तोच भात, जो तू चिवडणार होतीस.

दुधाने तोंड पोळलं की माणूस ताकही फुंकून पितं म्हणतात. तुझ्या नशिबी दूध नाही, ताक नाही, नुसती फुंकर.

आचारी तिरसट. म्हणाला, "एवढी चौकशी कुणासाठी?" मी म्हटलं, "माझ्यासाठी." तुला दिलेला शब्द पाळायचा होता ना! मग जरा मऊ झाला. वेगळ्या धुतलेल्या तव्यावर मासा, तेलातल्या भाज्या, लोणी लावायच्या आधी काढलेला भात, असं ताट देईन म्हणाला. पण अट घातली. "जो खाणार त्याने ऑर्डर देतानाच स्वतः सांगायचं. गर्दी झाली की मला चेहरे आठवत नाहीत."

म्हटलं, सोपं आहे. मी सांगेन, ताट माझ्यापुढे येईल, गप्पांच्या नादात तुझ्याकडे सरकवेन. घरी येऊन शिंपीणबाईला तुझ्या जागी बसवलं आणि तालीम केली. पहिल्यांदा वाटी कलंडली. दुसऱ्यांदा ताटं अगदी झोकात बदलली, पण माझा सायीने माखलेला चमचा तुझ्या भातात तसाच राहिला. बाई म्हणाली, "आजी, मेली हो तुमची नात." चेष्टेतच म्हणाली. मग दोघींनी ताटं तशीच उचलून ठेवली.

असो. एवढंच कळवायचं होतं. प्रकृतीला जप.

लिहिणारीने पेन खाली ठेवलंय. म्हणते, मास्तरीणबाईंचं राहिलं. हिला सांगायलाच नको होतं. लिही बाई, लिही.

तुझ्या चष्मेवाल्याची आई, मास्तरीणबाई, शनिवारचं टेबल राखून ठेवायला काल त्याच वेळी हॉटेलात आल्या होत्या. माझं "माझ्यासाठी" त्यांनी मागून ऐकलं. मायेनं हात धरला, खुर्ची दिली. मग हळूच विचारलं, "असलं काही रक्तातून येतं म्हणतात. घरात आणखी कुणाला नाही ना?"

मी म्हटलं, "छे! नात तर दगड पचवेल."

पापणीही लवली नाही माझी. घरी येताना मात्र गेल्या वर्षीची तू डोळ्यांपुढे आलीस, ऑफिसच्या जेवणानंतर दवाखान्यात. ओठ सुजलेले, श्वासाची शिट्टी वाजतेय, आणि डॉक्टरला सांगतेस, "एकच घास घेतला. नाही म्हणायची लाज वाटली." ती लाज मी काल माझ्या हाताने पुन्हा तुझ्या ताटात वाढली.

त्या सहज विचारत होत्या की तोलून बघत होत्या, कळलं नाही. अक्षरं नाही तरी माणसं वाचता येतात अशी माझी घमेंड होती. तो चेहरा काही लागला नाही. लग्न मोडलं तर मोडलं, असं म्हणणं सोपं आहे. पण तो मुलगा जिना उतरताना मला हात देतो, आणि दिल्याचं दाखवत नाही. मलाही हवा आहे गं तो.

तरी ऐक. शनिवारी वाढप्या समोर उभा राहिला की तूच बोल. "मला गहू चालत नाही, मला दूध चालत नाही." त्यातलं "मला" जरा मोठ्याने. मास्तरीणबाई माझ्याकडे बघतील. बघू देत. मी म्हणेन, खोटं बोलले. या वयात खोटी पडले तर एक दात पडल्यासारखं, तसेही उरलेत कुठे? पण तू पडलीस, तर तुला उचलायला माझ्यात ताकद नाही.

सगळ्यांसमोर खोटी पडायला चांगले कपडे घालून येणारी,
तुझी आजी

(सहीच्या जागी आजींचा अंगठा आहे. फिसकटला आहे, कारण अंगठा उमटवता उमटवता त्यांनी कागद एकदा मागे ओढला. हे त्यांनी सांगितलेलं नाही, मी लिहिलं आहे. — शिंपीणबाई)